काचेपलीकडची साक्ष: संग्रहालये आणि शाळेतला इतिहास

महाराष्ट्रात संग्रहालये येऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी इतिहासाचा तास तिथे भरतो असे म्हणवत नाही. नागपूरचा अजबबंगला १८६३चा. भायखळ्याचे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२मध्ये लोकांसाठी उघडले आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२मध्ये. या मुलखात काय पिकते, काय घडवले जाते, कोण राहते याची नोंद ठेवण्याची वसाहतकालीन नजर सुरुवातीच्या संग्रहांमागे होती. भायखळ्याला निरनिराळ्या जातीजमातींच्या मातीच्या प्रतिमा मांडल्या गेल्या, त्या याच नजरेतून. शाळेची सहल राणीच्या बागेत जाता जाता हे सारे पाहते. पण माणसांची अशी वर्गवारी कुणी केली आणि कशासाठी, हा खरा इतिहासाचा प्रश्न त्या काचेपाशी सहसा निघत नाही. दीड शतकाचा हिशेब मांडला तर मुलांना वस्तू दाखवण्यात आपण बरेच पुढे गेलो. त्या वस्तूची उलटतपासणी घ्यायला मात्र शिकवले नाही.

अशा उलटतपासणीची परंपरा आपल्याकडे नव्हती असे नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, ते अस्सल कागदांच्या आग्रहातून. चित्रांच्या बाबतीत तीच शिस्त वा. सी. बेंद्र्यांनी दाखवली. शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जाणारे चित्र भलत्याच माणसाचे असल्याचे सांगून १९३३मध्ये त्यांनी महाराजांचे विश्वसनीय चित्र पुढे आणले. वर्गापर्यंत पोचले ते नवे चित्र. जुने का नाकारले आणि नवे कशावरून स्वीकारले, हा शोध मागेच राहिला. वास्तविक शिकवण्याजोगे होते ते तेच. लंडनच्या टेट संग्रहातले थॉमस डॅनियलचे चित्र घ्या. सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रज वकील मॅलेट १७९०चा तह करताना त्यात दिसतो. चित्र पुरे झाले १८०५मध्ये, मॅलेटसाठीच. ज्याच्या रेखाटनांचा त्याला आधार होता, तो जेम्स वेल्स हिंदुस्थानात उतरला १७९१मध्ये. म्हणजे तहाच्या वेळी दोघांपैकी एकही चित्रकार दरबारात नव्हता. एवढे कळल्यावर आठवीतला मुलगाही विचारील, की मग हे चित्र कशाचा पुरावा आहे? प्रसंगाचा, की मॅलेटला तो प्रसंग जसा स्मरणात राहावासा वाटला त्याचा?

संग्रहालयात राजेरजवाड्यांच्याच वस्तू असतात, सामान्यांचा इतिहास तिथे कुठे भेटणार, हा आक्षेप बराचसा खरा आहे. पण दिनकर केळकरांनी जमवलेले अडकित्ते, दिवे, दौती आणि स्वयंपाकघरातली भांडी पुण्यात १९६२पासून लोकांना पाहायला मिळाली. हा संग्रह वाड्यांमधल्या घरसंसाराचा आहे; शेतमजुराच्या घरातले त्यात काय आले नाही, हेही त्यातूनच शिकवता येते. दुसरा आक्षेप अंतराचा. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८मध्ये लहानशा गावात संग्रहालय उभारले, पण तो अपवादच राहिला. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाने २०१५मध्ये फिरते संग्रहालय बसमधून शाळांच्या दारी नेले, २०१९मध्ये मुलांसाठी वेगळे दालन उघडले. तरी गडचिरोली-नंदुरबारच्या प्रत्येक शाळेला ही सोय पुरणार नाही. तिथे गावातलेच पुरावे कामी येतात. महाराष्ट्रात कितीतरी देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत पडलेला वीर, मध्ये लढाई, वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तोच वीर, हा क्रम वाचायला तिकीट लागत नाही.

सर्वांत अवघड आक्षेप श्रद्धेचा. प्रश्न विचारायला शिकवले तर मुलांच्या मनातला आदर ओसरेल, अशी भीती असते. जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्याला आली, तेव्हा हा पेच उघड्यावर आला. ती अफजलखानाच्या वधाच्या वेळचीच आहेत याची खातरजमा करता आलेली नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. त्यांच्या पेटीवरच्या मजकुरानुसार पेशव्यांच्या प्रधानाने ती साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याला दिली. त्याच मजकुरात आदिलशाहीच्या अफजलखानाला मोगल सरदार म्हटले आहे. ही चूक मुलांनीच पकडली, तर प्रतापगडचा पराक्रम तसूभरही उणा होत नाही, कारण तो या एका हत्यारावर उभा नाही. उलट पुराव्याची पारख केलेला आदर कुणाच्या आरोळीने डळमळत नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दहा दप्तराविना दिवस सुचवले. वेळ नाही ही सबब त्यामुळे निम्मी मिटते. उरलेली निम्मी परीक्षेची आहे. जे प्रश्नपत्रिकेत नाही ते वर्गात टिकत नाही, हे शिक्षकांचे म्हणणे रास्त आहे. म्हणून सहली वाढवण्याआधी प्रश्नपत्रिका बदलायला हवी. मुलांनी पूर्वी न पाहिलेले एक चित्र किंवा वस्तू छापावी आणि ती कुणी, केव्हा, कुणासाठी घडवली असावी, कशावरून, एवढेच विचारावे. या प्रश्नाला गुण मिळू लागले की संग्रहालयात काय पाहायचे, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.