अग्निबाण : तडा जाऊ न देण्याचे शास्त्र

दिवाळीत अंगणातून सुटणारा बाण आणि १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या प्रक्षेपकाचे दोन बूस्टर यांच्या आकारात जमीनअस्मानाचा फरक आहे. तरीही दोघांचे मूलतत्त्व एकच. दोन्हींत इंधन घनरूपात आधीच भरून ठेवलेले असते, ते जळण्यास लागणारा प्राणवायू त्याच मिश्रणातील एका रसायनातून मिळतो आणि एकदा पेट घेतला की ज्वलन थांबवणे जवळजवळ अशक्य असते. द्रवइंधनाच्या इंजिनात झडप बंद करता येते. घनइंधनाच्या मोटरला झडपच नसते. ती किती जोराने आणि किती वेळ जळावी, हे पेटवण्यापूर्वी, इंधन भरतानाच ठरवावे लागते. घनइंधनाच्या अग्निबाणाचा इतिहास हा अधिकाधिक ज्वालाग्राही मिश्रणे शोधण्याचा इतिहास आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तो आगीला शिस्त लावण्याचा इतिहास आहे.

घनइंधन केवळ उघड्या पृष्ठभागावर जळते आणि ज्वाला थराथराने आत सरकते. उघडा पृष्ठभाग जितका मोठा, तितका अधिक वायू निर्माण होतो आणि तितका नळकांड्यातील दाब वाढतो. दाब वाढला की ज्वलनाचा वेगही वाढतो. अशा स्थितीत इंधनात एखादी भेग असेल, तर ज्वाला तिच्यात शिरते, जळणारा पृष्ठभाग अकस्मात वाढतो आणि दाब नळकांड्याच्या सहनशक्तीपलीकडे जाऊन स्फोट होतो. म्हणजे अग्निबाण आणि बॉम्ब यांच्यातील अंतर कधी कधी एका भेगेएवढेच असते.

चीनमध्ये तेराव्या शतकात दारू भरलेले अग्निबाण युद्धात वापरले जात होते. मात्र कागदाच्या वा बांबूच्या नळीला फारसा दाब सोसत नसे. ही मर्यादा ओलांडली ती अठराव्या शतकात म्हैसूरच्या कारागिरांनी. हैदर अली आणि टिपू सुलतान यांच्या सैन्यातील अग्निबाणांची नळकांडी लोखंडी होती. त्यामुळे दारू अधिक घट्ट ठासता येई, आतला दाब वाढे आणि बाण दूरवर जाई. १७८० मध्ये पोल्लिलूरच्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा जो दारुण पराभव झाला, त्यात या बाणांचा वाटा होता. कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यात २०१८ मध्ये एका जुन्या विहिरीतून असे एक हजाराहून अधिक बाण मिळाले.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर म्हैसूरचे बाण इंग्लंडला नेण्यात आले. वुलिच येथे विल्यम काँग्रीव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी स्वतःचे अग्निबाण विकसित केले आणि १८०७ मध्ये कोपनहेगनवर त्यांचा मोठ्या प्रमाणावर मारा झाला. पुढे १८४४ मध्ये विल्यम हेल यांनी बाहेर पडणाऱ्या वायूच्या साह्यानेच बाणाला स्वतःभोवती फिरवून स्थिर ठेवण्याची युक्ती काढली. बाणाला बांधावी लागणारी लांब काठी त्यामुळे अनावश्यक ठरली. पण ठासलेल्या दारूचा मूळ दोष कायम राहिला. ती ठिसूळ असे आणि साठवणुकीत तिला तडे जात. अचूकतेत तोफा पुढे गेल्या आणि अग्निबाण मागे पडला.

दुसऱ्या महायुद्धात तो परतला. नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोसेल्युलोज यांपासून बनलेली धूरविरहित इंधने तोवर उपलब्ध झाली होती. जुलै १९४१ मध्ये ओर्शा येथे सोव्हिएत सैन्याने ‘कात्युशा’ प्रथम वापरली, तर अमेरिकेने १९४२ मध्ये खांद्यावरून डागण्याचा ‘बझूका’ रणांगणावर आणला. या कांड्या दाबयंत्रातून काढाव्या लागत. त्यामुळे त्यांच्या आकाराला मर्यादा होती.

निर्णायक वळण मिळाले ते कॅलिफोर्नियात. थिओडोर फॉन कार्मान यांच्या मार्गदर्शनाखाली फ्रँक मलिना, जॅक पार्सन्स आणि त्यांचे सहकारी विमानांना उड्डाणाच्या वेळी जोर देणाऱ्या लहान मोटरी तयार करत होते. ऑगस्ट १९४१ मध्ये एका छोट्या विमानावर त्यांची चाचणी यशस्वी झाली. परंतु काही दिवस साठवलेल्या मोटरी पेटवताच फुटू लागल्या. तापमानातील चढउतारांमुळे इंधनाला तडे जात होते. १९४२ मध्ये पार्सन्स यांनी वितळवलेल्या डांबरात पोटॅशियम परक्लोरेट मिसळून ते साच्यात ओतले. हे मिश्रण दारूसारखे ठिसूळ नव्हते. मात्र डांबर उन्हात मऊ पडे आणि थंडीत कडक होई. म्हणून लवकरच त्याची जागा कृत्रिम रबराने घेतली.

रबराने दोन गोष्टी साधल्या. एक म्हणजे इंधन नळकांड्याला आतून चिकटून राहू लागले आणि ताण पडल्यास तडकण्याऐवजी किंचित ताणले जाऊ लागले. दुसरी म्हणजे ओतताना मधोमध हव्या त्या आकाराची पोकळी ठेवता येऊ लागली. गोल पोकळी जळता जळता रुंदावते आणि जोर वाढत जातो. चांदणीच्या आकाराची पोकळी ठेवली, तर तिची टोके बोथट होत जाऊन जळणारा पृष्ठभाग जवळपास सारखा राहतो. जोराचे सारे नियोजन अशा रीतीने भूमितीत उतरले. पुढे अमोनियम परक्लोरेट आणि अॅल्युमिनियमची भुकटी वापरात आल्यावर घनइंधनाची ताकद वाढली. जुलै १९६० मध्ये ‘पोलारिस’ हे क्षेपणास्त्र पाण्याखालील पाणबुडीतून सुटले, ते याच बळावर.

भारताने याच मार्गाने वाटचाल केली. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत नेणाऱ्या एसएलव्ही-३ चे चारही टप्पे घनइंधनाचे होते. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात एचटीपीबी या रबरी द्रव्यात बांधलेले सुमारे १३९ टन इंधन असते, तर चांद्रयान-३ च्या प्रक्षेपकाच्या दोन्ही बूस्टरांत प्रत्येकी २०० टनांहून अधिक. महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. ४४ सेकंदांत १२ अग्निबाण डागणारी ‘पिनाका’ प्रणाली पुण्यातील संरक्षण प्रयोगशाळांत आकाराला आली आणि १९९९ च्या कारगिल युद्धात वापरली गेली.

या शिस्तीत जराशी त्रुटी राहिली तर काय होते, याची किंमतही जगाने मोजली आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यानाच्या बूस्टरमधील सांध्याचे रबरी कडे थंडीने ताठरले, तप्त वायू बाहेर निसटला आणि सात अंतराळवीर प्राणाला मुकले. २३ फेब्रुवारी २००४ रोजी श्रीहरिकोट्यात घनइंधनाला लागलेल्या आगीत सहा जणांचा मृत्यू झाला. प्रक्षेपणापूर्वी प्रचंड मोटरींची क्ष-किरणांनी कसून तपासणी केली जाते, ती आत दडलेली भेग किंवा पोकळी शोधण्यासाठीच. पेटल्यावर दुरुस्तीची संधी नसते; म्हणून अग्निबाणाचे खरे कौशल्य तो जमिनीवर शांत पडून असतानाच पणाला लागते.