हाडाचा काप, काचेवर

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी हाडाच्या दोन स्लाइड पाहायला मिळतात. ऊती एकच, पण दोन्हींतले चित्र इतके निराळे की सांगितल्याशिवाय ओळखू येऊ नये.

पहिली घासून केलेली. मांडीच्या वाळलेल्या हाडाची चकती करवतीने कापायची आणि पाणी घेत, दोन्ही बाजूंनी, बारीक दगडावर किंवा पॉलिश पेपरवर घासत राहायची. जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागापर्यंत उतरली की तिच्यातून उजेड आरपार येतो. घाई केली तर कडा तुटतात. मग घट्ट कॅनडा बाल्सममध्ये ती बसवतात. बाल्सम पातळ निघाले तर ते सूक्ष्म पोकळ्यांत शिरून तिथली हवा हुसकते आणि सारी नक्षी पुसट होते, कारण या स्लाइडमध्ये काळी दिसते ती हवाच.

त्या नक्षीपाशी थोडे रेंगाळावे. मधोमध गोल भोक, म्हणजे रक्तवाहिनीची वाट. भोवती एकात एक वलये, प्रत्येक तीन ते सात मायक्रॉन जाड. वलयांमध्ये कोळ्यांसारखे काळे ठिपके दिसतात. एकेक ठिपका म्हणजे अस्थिपेशीची रिकामी खोली आणि त्याचे पाय म्हणजे शेजारच्या खोल्यांकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म नलिका. खनिजाने घट्ट झालेल्या भागातून अन्न सहजी झिरपत नाही, ते या नलिकांतूनच पेशींपर्यंत पोचते. म्हणून वलयांचा हा जुडगा, म्हणजे ऑस्टिऑन, फार रुंद वाढत नाही. व्यास साधारण पाव मिलिमीटर. लंडनचे वैद्य क्लॉप्टन हॅवर्स यांनी १६९१ मध्ये ‘ऑस्टिओलॉजिया नोव्हा’ या ग्रंथात हाडातल्या अशा वाटांचे वर्णन केले. त्यांतून मज्जेचे तेल पसरते, असे त्यांना वाटत होते. रक्तवाहिन्यांचा उलगडा नंतर झाला, तरी मधल्या नलिकेला नाव त्यांचेच राहिले.

दुसरी स्लाइड आम्लातून येते. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिजाचा. नायट्रिक किंवा फॉर्मिक आम्लात तो विरघळला की मागे राहते कोलॅजेन. आकार तोच, पण हाड आता हाताने वाकते. तंत्रज्ञ सुई टोचून अंदाज घेतात. खनिज राहिले तर मायक्रोटोमचे पाते अडखळते, आम्लात मुक्काम लांबला तर पेशींची केंद्रके रंगच धरत नाहीत. नीट जमले की पहिल्या स्लाइडमध्ये रिकाम्या दिसलेल्या खोल्यांत पेशी दिसतात, हाड रचणाऱ्या पेशींची रांग दिसते आणि हाड खाणारी, अनेक केंद्रकांची थोराड ऑस्टिओक्लास्टही. जिवंत हाडात ही मोडतोड आणि बांधणी जन्मभर चालू असते.

तिचा वेग मात्र दोन्ही स्लाइडना सांगता येत नाही. त्यासाठीची युक्ती फारच सुंदर आहे. रुग्णाला टेट्रासायक्लिन काही दिवसांच्या अंतराने दोनदा देतात. त्या त्या वेळी जिथे नवे खनिज बसत असते, तिथे हे औषध अडकून राहते. मग खनिज न काढता हाडाचा काप घेऊन अतिनील प्रकाशाखाली धरला की दोन पिवळ्या रेषा चमकतात. त्यांच्यामधल्या अंतराला दिवसांनी भागले की हाड रोज किती भरते ते कळते. हा आकडा साधारण एका मायक्रॉनच्याही आतच असतो. ऑस्टिओमलेशियात खनिज वेळेवर बसत नाही, तेव्हा याच रेषा पसरट आणि धूसर उमटतात.