वाशिमचे 14 गट आणि दिल्लीचा निकाल

5 ऑक्टोबर 2021 रोजी वाशिम जिल्हा परिषदेच्या 14 गटांत आणि पंचायत समित्यांच्या 27 गणांत पोटनिवडणूक झाली. पोटनिवडणूक म्हटली की कुणी वारले असेल किंवा कुणी राजीनामा दिला असेल, असे आपण धरून चालतो. इथे तसे काहीच नव्हते. जानेवारी 2020 मध्ये गुलाल उधळून सभागृहात गेलेल्या माणसांच्या खुर्च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने गेल्या.

निकालाचे नाव ‘विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, तारीख 4 मार्च 2021. राज्यघटनेच्या कलम 32 खाली थेट दिल्लीत दाखल झालेली ही रिट याचिका. काटेकोर बोलायचे तर ही जनहित याचिका नव्हे. पण महाराष्ट्राच्या गावगाड्याला एवढा हादरा देणारी जनहित याचिकाही मला तरी आठवत नाही.

वाद टक्क्यांचा होता. जिल्हा परिषदेत अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. त्यावर 1961 च्या जिल्हा परिषद कायद्यातले कलम 12(2)(क) नागरिकांच्या मागास प्रवर्गाला, म्हणजे ‘नामाप्र’ला, सरसकट 27 टक्के देत होते. वाशिमसारख्या जिल्ह्यात ही बेरीज 50 च्या पुढे जाते. नंदुरबारमध्ये आदिवासींची संख्याच दोन तृतीयांशांहून जास्त. तिथे तर हिशेबच बसत नाही. न्यायमूर्ती अजय खानविलकर, इंदू मल्होत्रा आणि अजय रस्तोगी यांच्या पीठाने कलम रद्द केले नाही. 27 टक्के हा आकडा ठरलेला वाटा नसून कमाल मर्यादा आहे आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आतच राहिले पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला. 2020 च्या निवडणुका याचिकेच्या निकालाच्या अधीन राहूनच झालेल्या होत्या. त्यामुळे नामाप्रच्या जागा रिक्त ठरल्या आणि उरलेल्या मुदतीसाठी त्या सर्वसाधारण म्हणून भरायचा हुकूम निघाला. धुळे, नंदुरबार, अकोला, वाशिम, नागपूर, पालघर मिळून अशा जागा 85 गट आणि 144 गण एवढ्या होत्या. मतदान आधी जुलैत व्हायचे होते, करोनामुळे ते ऑक्टोबरात गेले.

‘कोर्टाने ओबीसींचे आरक्षण काढले’ हे वाक्य त्या वर्षी पारापारावर ऐकू येत होते. ते अर्धेच खरे आहे. के. कृष्णमूर्ती खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 11 मे 2010 रोजीच सांगून ठेवले होते की शिक्षण-नोकरीतले मागासपण वेगळे आणि राजकारणातले वेगळे. ते स्वतंत्रपणे तपासा. गवळी निकालाने त्याचीच तीन कलमी कसोटी केली, जिला आता गावातले कार्यकर्तेही ‘ट्रिपल टेस्ट’ म्हणतात. समर्पित आयोग नेमून माहिती गोळा करा, प्रत्येक संस्थेपुरते प्रमाण ठरवा, एकूण 50 टक्के ओलांडू नका. मधल्या जवळजवळ अकरा वर्षांत मुंबईत सत्तेवर कोण कोण येऊन गेले हे वाचकांना माहीत आहे. आयोग कुणीच नेमला नाही. म्हणून माझ्या मते त्या 14 सदस्यांनी दुसऱ्यांच्या आळसाची किंमत मोजली.

आणि हे नामाप्र म्हणजे कोण? यात फक्त ओबीसी नाहीत, विमुक्त-भटकेही आहेत. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. त्या तांड्यांवरच्या माणसालाही जिल्हा परिषदेत राखीव जागा मिळते ती याच प्रवर्गातून.

निकालानंतर धावपळ झाली. पुनर्विचार याचिका 28 मे 2021 ला फेटाळली गेली, ओबीसी आरक्षणासाठी सप्टेंबरात राज्याने काढलेल्या अध्यादेशाला डिसेंबरात स्थगिती मिळाली. 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेचा डेटा केंद्राने द्यावा ही राज्याची मागणीही डिसेंबरातच नामंजूर झाली. मार्च 2022 मध्ये माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांचा आयोग आला आणि चार महिन्यांत अहवाल तयार झाला. ओबीसींची लोकसंख्या 37 टक्के धरली गेली. पण मतदारयादीतल्या आडनावांवरून जात ठरवण्याच्या पद्धतीवर जोरदार टीका झाली. टीका रास्तच होती. पवार, जाधव, चव्हाण ही आडनावे मराठ्यांत आहेत तशी बंजाऱ्यांतही आहेत. यादीवर बोट ठेवून कारकून काय ओळखणार?

तरी 20 जुलै 2022 रोजी न्यायालयाने अहवालाच्या आधारे निवडणुका घ्यायला परवानगी दिली. मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेशातही याच कसोटीवरून आयोग नेमावे लागले.

वाशिमच्या सभागृहाची मुदत 2025 च्या सुरुवातीला संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. 6 मे 2025 रोजी न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका घ्या, ओबीसी आरक्षण बांठिया अहवालापूर्वी होते तसेच ठेवा, असे सांगितले. नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने राज्याला पुन्हा बजावले, की 50 टक्क्यांची मर्यादा ओलांडता येणार नाही.