तिसरं तिकीट आईचं!

क्रिकेट म्हटलं की आमच्या डोंबिवलीच्या घरात वाटणी ठरलेली. बाबा आणि मी वानखेडेवर, आई घरी टीव्हीसमोर, तेही कुकरच्या शिट्ट्या मोजत. २ नोव्हेंबर २०२५ ला मात्र महिला वर्ल्ड कपची फायनल होती. म्हटलं, या मॅचला तरी तिसरं तिकीट हवंच.

'मला काय कळतंय त्यातलं!' आईचं पालुपद. तरी ठाण्याला नेरूळची लोकल पकडताना विंडो सीट तिनेच पटकावली.

डी. वाय. पाटील स्टेडियमवर पावसाने दोन तास रखडवलं. पाचला मॅच सुरू. भारत २९८, शेफाली ८७. मग लॉरा वोल्वार्ट सेंच्युरी ठोकून उभी, आणि बाबांनी 'शेवटची गाडी' हा विषय काढला.

'तुम्ही दोघं व्हा पुढे. मी बघून येते,' आई म्हणाली.

दीप्तीच्या बॉलवर अमनजोतने धडपडत तिचा कॅच घेतला. मध्यरात्रीच्या सुमाराला भारत ५२ रन्सनी जिंकला, तेव्हा आमची आई चक्क खुर्चीवर उभी राहून शिट्टी मारत होती. कुकरची नव्हे, स्वतःची!

तुमच्या घरात कुणाचं तिकीट काढायचं राहिलंय?