उत्प्लावक पेट्या, नावेच्या

लहान नावेच्या पिछाडीस, एंजिनाच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या पोकळ व जलाभेद्य पेट्या. अमेरिकेत नद्या, तळी व दलदली यांमध्ये मासेमारी व शिकार यांसाठी वापरण्यात येणाऱ्या सपाट तळाच्या ॲल्युमिनियमी नावांना (जॉन बोट) त्या विशेषेकरून बसवितात. अशा नावेत एंजिन, इंधनाची टाकी, विद्युत् घटमाला व चालक यांचा भार मागील भागात एकवटतो. त्यामुळे पिछाडी दबते, नाळ उचलली जाते आणि उथळ पाण्यात तळ घासतो. अमेरिकेत बाह्य एंजिनांच्या उत्सर्जनावर १९९६ मध्ये मर्यादा घालण्यात आल्या व १९९८–२००६ या काळात त्या क्रमाक्रमाने अंमलात आल्या. दोन धावांच्या साध्या एंजिनांची जागा सामान्यतः अधिक जड अशा चार धावांच्या एंजिनांनी घेतल्यावर जुन्या नावांत ही अडचण जास्तच जाणवू लागली.

पेटीचा आकार आर्किमिडीज यांच्या तत्त्वावरून ठरवितात. ५० सेंमी. लांब, ३५ सेंमी. रुंद व ३० सेंमी. उंच अशी पेटी १५ सेंमी. बुडाली, तर ती सु. २६ लि. पाणी बाजूला सारते. म्हणजे गोड्या पाण्यात तिच्यावर सु. २६ किग्रॅ. भाराइतके उत्प्रणोदन होते. परंतु ३ मिमी. जाडीच्या पत्र्याच्या या पेटीचे स्वतःचे वजनच सु. ७ किग्रॅ. भरते. तेव्हा दोन पेट्यांचा निव्वळ आधार ३८ किग्रॅ.च्या आसपास राहतो. हा आकडा लहान वाटला, तरी पेट्या पिछाडीच्याही मागे असल्यामुळे हे बल लांब भुजेवर कार्य करते व नाव सपाट होण्यास त्याचा बराच उपयोग होतो. कोकणातील होडीची उलांडीही बाजूला दूर ठेवलेल्या तरंडाच्या अशाच भुजेवर अवलंबून असते. मात्र तेथे हेतू आडव्या स्थैर्याचा असतो.

पेट्यांसाठी मॅग्नेशियमयुक्त ५०५२ किंवा ५०८६ ही मिश्रधातू वापरतात. ॲल्युमिनियम ६६०° से.ला वितळते, पण त्यावरील ऑक्साइडाचा थर २,०००° से.च्या वरच वितळतो. म्हणून वितळजोडकामापूर्वी तो अगंज पोलादाच्या तारेच्या ब्रशाने खरवडावा लागतो. जोड आर्‌गॉन वायूच्या आवरणात करतात. तेलकटपणा काढण्यासाठी क्लोरीनयुक्त विद्रावक कधीही वापरू नये, कारण विद्युत् प्रज्योतीच्या सान्निध्यात त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. पिछाडीच्या फळीत लाकडी गाभा असल्यास तो, तसेच इंधनाची टाकी, आधी काढून घेणे आवश्यक असते. रिव्हेट मारलेल्या पातळ पत्र्याच्या जुन्या नावांना पेट्या बोल्टांनी बसविणेच श्रेयस्कर ठरते.

जोडांची परीक्षा आत हवा भरून व बाहेरून साबणाचे पाणी लावून करतात. येथे दाब अत्यल्प हवा. प्रत्येक चौ. सेंमी.वर केवळ ०·१ किग्रॅ. दाब दिला, तरी वरील पेटीच्या तळावर एकूण १७५ किग्रॅ. भार येतो व सपाट पत्रा फुगतो. आत फेस भरावा किंवा नाही याबद्दल कारागिरांत मतभेद आहेत. बंद कोशिकांच्या फेसामुळे पेटीला भोक पडले तरी आधार टिकतो. उलट त्याच्या कडेने पाणी अडकून संक्षारण होते आणि पुढे दुरुस्तीच्या वेळी जळणाऱ्या पॉलियुरेथेनातून विषारी धूर निघतो. रिकामी पेटी व तळाशी पाणी काढण्याचे बूच ही योजना अधिक सोयीची दिसते. मात्र प्रत्येक फेरीनंतर बूच उघडून पाहिले पाहिजे, कारण पाण्याने भरलेली पेटी आधार देत नाही, उलट नावेच्या मागील टोकाला लोंबकळणारे ओझे ठरते.

पेटीचा तळ नावेच्या तळाच्या खाली गेल्यास वेगात रोध वाढतो. म्हणून तो समपातळीत किंवा किंचित वर ठेवतात. प्रचालकाकडे येणारा प्रवाह अडणार नाही आणि एंजिन पूर्णपणे वळू शकेल इतके अंतर दोन पेट्यांमध्ये सोडतात.

या पेट्या म्हणजे बुडण्यापासूनचे संरक्षण नव्हे. अमेरिकेत १९७८ पासून २० फुटांहून (सु. ६ मी.) लहान अशा बहुतेक बाह्य-एंजिनी नावांत, पाणी भरले तरी नाव समतल तरंगेल, इतका फेस निर्मात्याने बसविणे बंधनकारक आहे. पेट्या लावल्या म्हणून बैठकीखालील हा फेस जागेसाठी काढून टाकल्यास, पाणी भरलेल्या नावेची पिछाडी वर राहते, पण नाळ बुडते. नावेवरील फलकात दिलेली माणसांची व भाराची मर्यादाही पेट्यांमुळे वाढत नाही.