नांदेड-लातूरच्या शिवारात सोलर आलं, पण त्यामागून कारखाने येणार का?

१२ एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूर स्टेशनात शिरली. पहिल्या फेरीत १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. 'जलदूत' नावाच्या त्या गाडीचे फोटो देशभर गेले आणि लातूरची ओळख 'रेल्वेने पाणी प्यायलेलं शहर' अशी झाली.

त्याच लातूरच्या एमआयडीसीत २५ डिसेंबर २०२० रोजी रेल्वेच्या डब्याचा पहिला सांगाडा तयार होऊन बाहेर पडला. रेल्वेतून पाणी घेणाऱ्या शहराने साडेचार वर्षांत रेल्वेचा डबाच बनवून दाखवला.

मराठवाड्याची गोष्ट या दोन तारखांच्या मध्ये कुठेतरी अडकलेली आहे. एकीकडे दुष्काळ, स्थलांतर आणि अनुशेष, दुसरीकडे कोच फॅक्टरी, सौर प्रकल्प आणि हजारो कोटींचे करार. आता गावोगावी शेतात निळे पॅनेल दिसू लागलेत आणि पारावर एकच प्रश्न निघतो. या उन्हातून वीज तर मिळेल, पण पोरांना काम मिळेल का?

आधी हे भाग मागे का राहिले, ते बघू

नांदेड आणि लातूर दोन्ही भाग पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. तोपर्यंत मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात गिरण्या, रेल्वे आणि बंदर यांचं जाळं तयार झालेलं होतं. मराठवाड्याची सुरुवातच उशिरा झाली. हे अंतर किती आहे ते मोजायला १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमली गेली आणि 'अनुशेष' हा शब्द राजकारणात कायमचा बसला.

म्हणजे इथे उद्योग नव्हतेच का? तसं नाही. नांदेड हे कापसाचं गाव. निजामाच्या काळात उभी राहिलेली उस्मानशाही मिल शहराचं पोट होती. नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्रातून 'एनएचएच ४४' हा संकरित वाण निघाला आणि कोरडवाहू शेतकऱ्यांनी तो उचलून धरला. पुढे मिल बंद पडली. कापूस शिवारातच राहिला आणि त्याचं कापड बाहेर विणलं जाऊ लागलं.

लातूरचं वेगळं. इथला सोयाबीन आणि तुरीचा बाजार मोठा आहे. तेलाच्या गिरण्या आहेत, डाळ मिल आहेत. 'लातूर पॅटर्न'मुळे शिकवण्यांचा स्वतंत्र उद्योगच उभा राहिला. पण शिकलेली मुलं नोकरीसाठी पुण्याचीच गाडी धरतात.

मग सोलर मध्येच कुठून आलं?

याचं एक उत्तर परळीत सापडतं. २०१५ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळशावर वीज करायची तर वाफेला आणि थंड करायला भरपूर पाणी लागतं. सौर प्रकल्पाला पॅनेल धुण्यापुरतं पाणी पुरतं. ज्या भागात पाणी कमी आणि ऊन जास्त, तिथे हा हिशोब सरळ बसतो.

दुसरं उत्तर शेतकऱ्याच्या मोटारीत आहे. शेतीची लाईट पाळीपाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारात, विंचू-सापाच्या भीतीत जावं लागतं. दिवसा लाईट ही मागणी त्यातूनच आली.

यावर राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि लक्ष्य पुढे वाढवून १६ हजार मेगावॉट करण्यात आलं. कल्पना सोपी आहे. गावाजवळच्या वीज उपकेंद्रापासून साधारण ५ ते १० किलोमीटरच्या आत छोटा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या फीडरला द्यायची. ऊन दिवसा, म्हणून लाईटही दिवसा.

जमीन देणाऱ्याला किती मिळतं?

या योजनेत खासगी जमीन भाडेपट्ट्याने घेतली तर वर्षाला हेक्टरी किमान १ लाख २५ हजार रुपये भाडं ठरलेलं आहे. म्हणजे एकरी साधारण ५० हजार.

आता शेजारी सोयाबीन ठेवून बघा. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. समजा कोरडवाहू रानात एकरी ७ क्विंटल उतारा आला आणि सगळा माल हमीभावाने गेला, तर हातात येतात सुमारे ३७ हजार. त्यातून बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी वजा करायची. वर बाजारात भाव अनेकदा हमीभावाच्या खालीच असतो. म्हणजे मुरमाड, पडीक रानाला सोलरचं भाडं सरळ फायद्याचं दिसतं.

पण एक बारकावा आहे. भाडं दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढतं, तेही सरळ पद्धतीने, चक्रवाढीने नाही. म्हणजे हेक्टरी दरवर्षी ३,७५० रुपये वाढ. दहा वर्षांनी हे भाडं होईल १ लाख ६२ हजार ५००. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर आज सव्वा लाखात येणाऱ्या वस्तूंना तेव्हा २ लाखांच्या वर लागतील. भाड्याचा आकडा वाढेल, पण त्यात येणारा बाजार कमी होत जाईल. पाव शतकाचा करार करताना हे गणित आधी मांडायला हवं.

गावाला काय मिळतं? ज्या ग्रामपंचायतीत प्रकल्प होतो, तिला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षांत १५ लाख रुपये विकासकामांसाठी देण्याची तरतूद आहे.

आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला? इथे खरी अडचण आहे. एक मेगावॉटला साधारण चार एकर जागा लागते. त्या चार एकरांवर खुरपणी, वेचणी, काढणी करणाऱ्या बायामाणसांचे वर्षातले काही दिवस भरत होते. पॅनेल बसले की तिथे लागतात पहारेकरी, पॅनेल धुणारे आणि एखादा तंत्रज्ञ. उभारणीच्या काही महिन्यांत काम भरपूर निघतं, नंतर ते बोटांवर मोजण्याइतकं उरतं. भाडं सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतं, मजुरीचा सातबारा नसतो.

मग सोलरचा आणि उद्योगाचा संबंध काय?

संबंध आहे, पण तो पॅनेलच्या खाली नाही, वीजबिलात आहे.

महाराष्ट्रात शेतीची वीज स्वस्त ठेवण्यासाठी उद्योगांना जास्त दर लावला जातो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. लातूरचा डाळ मिलवाला जे बिल भरतो, त्यातला काही भाग शेतीपंपाच्या विजेचा असतो. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाल्यावर सरकारी तिजोरीवरचा भारही वाढला.

सौर कृषी वाहिनीची वीज युनिटला ३ रुपयांच्या आसपास पडते. शेतीला लागणारी वीज मुळातच स्वस्त झाली, तर उद्योगांवर टाकलेलं ओझं कमी करता येतं. ते खरंच कमी होईल का, हे वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात दिसेल. मराठवाड्याच्या दृष्टीने हा मुद्दा मोठा आहे, कारण शेजारच्या तेलंगणाशी स्पर्धा आहे. नांदेडहून हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ पडतं. हे अंतर मालाला कळतं तसं गुंतवणूकदारालाही कळतं. म्हणूनच २०१६ मध्ये राज्याने विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत सुरू केली होती.

दुसरी वाट छोट्या उद्योगांसाठी आहे. २०२२ च्या केंद्राच्या नियमांनुसार १०० किलोवॉटपासूनचा ग्राहकही हरित ऊर्जा थेट उत्पादकाकडून विकत घेऊ शकतो. आधी ही मर्यादा १ मेगावॉट होती. म्हणजे तेल गिरणी, जिनिंग किंवा शीतगृहही यात बसू शकतं.

ऊस विसरून चालणार नाही

हरित ऊर्जा म्हटलं की सोलर आठवतं, पण या दोन जिल्ह्यांत ती आधीच होती, साखर कारखान्यात. लातूरचा मांजरा किंवा नांदेडचा भाऊराव चव्हाण कारखाना घ्या, या भागाचं अर्थकारण अशा कारखान्यांभोवती फिरत आलं. उसाच्या चिपाडावर वीज आणि मळीपासून इथेनॉल हा साखर धंद्याचा जोडव्यवसाय बनला. यात गाळप हंगामात तोडणीपासून वाहतुकीपर्यंत शेकडो हात लागतात. सोलरला ते जमत नाही.

पण उसाला पाणी लागतं आणि पाण्याचं उत्तर २०१६ च्या रेल्वेने दिलेलं आहे. शिवाय धोरणाचा भरवसा नाही. पाऊस कमी झाला म्हणून ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली आणि आठवडाभरातच ती काही प्रमाणात शिथिल केली. इथेनॉलसाठी कर्ज काढून बसलेल्या कारखान्यांचा तेवढ्यातही जीव टांगणीला लागला.

लातूरच्या कोच फॅक्टरीने काय शिकवलं?

३१ मार्च २०१८ ला भूमिपूजन, २०२० च्या शेवटी पहिला सांगाडा. बांधकाम वेगात झालं. पण कारखाना उभा राहणं आणि कारखाना चालणं वेगळं. नियमित कामाची ऑर्डर हवी. ती आली सप्टेंबर २०२३ मध्ये. रेल विकास निगम आणि रशियाच्या ट्रान्समॅशहोल्डिंगच्या संयुक्त कंपनीशी 'वंदे भारत' स्लीपर गाड्यांचा करार झाला. एकूण १,९२० डबे आणि ३५ वर्षांची देखभाल. नंतर शौचालयं आणि पँट्रीच्या आराखड्यातील बदलांवरून चर्चा लांबली आणि वेळापत्रक मागे गेलं.

रेल्वेच्या एका डब्यात सीट, वायरिंग, काच, रबर, दरवाजे असे हजारो सुटे भाग असतात. ते लातूर-नांदेडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बनले तर कारखान्याभोवती शहर वाढतं. ते बाहेरून ट्रकने आले तर लातूरला उरतो फक्त जोडणीचा सांधा. सोलरचंही हेच. पॅनेल बहुतांशी गुजरातसारख्या ठिकाणांहून येतात. इथलं ऊन आणि इथली जमीन वापरली जाते, पण पॅनेल बनवण्याचा पैसा दुसरीकडे जातो.

मराठवाड्यातही मोठी गुंतवणूक येतेय ना?

येतेय, पण ती एका कोपऱ्यात. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी सामंजस्य करार केला, तो छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनसाठी. तिथे ऑरिक नावाचं तयार औद्योगिक शहर आहे आणि समृद्धी महामार्ग हाताशी आहे. नांदेडला कृष्णूरची पंचतारांकित एमआयडीसी आहे, पण नाव पंचतारांकित असून भागत नाही. जालना-नांदेड द्रुतगती मार्ग आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे पूर्ण होईपर्यंत नांदेड नकाशावर लांबच राहतं.

आणखी एक गोष्ट गुंतवणूकदार बघतात, ती म्हणजे कायदा-सुव्यवस्था. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी त्याचा संबंध असल्याचं तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटलं आहे. हरित ऊर्जेचा पैसा गावात आला की त्यावर डोळा ठेवणारेही येतात, हे शेजारच्या जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून पाहिलं.

मग आता बघायचं काय?

मेगावॉट आणि कोटींच्या आकड्यांपेक्षा चार साधे प्रश्न जास्त सांगून जातात. शेतीला खरंच दिवसा पूर्ण दाबाने लाईट मिळते का? एमआयडीसीतल्या डाळ मिलचं वीजबिल उतरलं का? आयटीआय झालेल्या मुलाला लातूर-नांदेडमध्येच टिकणारी नोकरी लागली का? आणि ग्रामपंचायतीला मिळालेले १५ लाख कशावर खर्च झाले? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर पुढच्या ग्रामसभेतच मागता येतं.

जमीन भाड्याने देणाऱ्याने सहीआधी तीन गोष्टी करारात शोधाव्यात. भाडं थकलं तर काय, मुदत संपल्यावर पॅनेल आणि सिमेंटचे पाये काढून रान पूर्ववत कोण करून देणार, आणि कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला तर करार कोणाशी राहणार.

ऊन या भागात कधीच कमी पडलं नाही. आजवर त्याने फक्त विहिरी आटवल्या. आता त्याचे पैसे होऊ लागलेत, पण ते पैसे नांदेड-लातूरमध्ये किती थांबतात यावर पुण्याच्या गाडीतली गर्दी ठरणार आहे.