कोल्ड एअर इन्टेक आणि आपला पावसाळा: फिल्टर कसा वाचवायचा?

बोलताना आपण एकच गोष्ट तीनदा सांगतो, म्हणून या भागाचा मजकूर थोडा आवरून लिहितोय. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, गाड्या हा शनिवार-रविवारचा नाद. त्यामुळे आकडे आले की मी थोडा रमतो, तेवढं चालवून घ्या.

आजचा प्रश्न सोपा आहे. गाडीला बाहेरून आणलेला कोल्ड एअर इन्टेक बसवलाय, पावसाळा तोंडावर आलाय, तर पाणी, चिखल आणि खडी यांपासून त्याला कसं जपायचं?

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. इंजिनला पेट्रोलबरोबर हवा लागते. हवा थंड असली की ती दाट असते, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ऑक्सिजन मावतो. दहा अंशांनी थंड हवा साधारण तीन टक्के दाट असते. बॉनेटखाली तर भट्टी पेटलेली असते. म्हणून लांब पाइप टाकून फिल्टर खाली, बंपरच्या मागे किंवा पुढच्या चाकाजवळच्या पोकळीत नेतात. तिथे बाहेरची गार हवा मिळते. आणि मंडळी, पाणीही तिथेच मिळतं.

कंपनीचा डबा बावळट नसतो

कंपनीने दिलेल्या काळ्या प्लास्टिकच्या डब्याला बरेच जण नावं ठेवतात. पण तो नीट बघा. हवा आत घेणारं त्याचं तोंड बहुतेक गाड्यांमध्ये वर असतं, रेडिएटरच्या पट्टीजवळ किंवा हेडलाइटच्या मागे. पाइपला वळण असतं, म्हणजे थेंब भिंतीवर आपटून खाली पडतात. बऱ्याच डब्यांना तळाशी बारीक भोकही असतं, चुकून आलेलं पाणी निघून जायला. आमच्या कामात एक नियम आहे: जुना कोड विचित्र दिसला तरी तो का लिहिलाय हे कळेपर्यंत डिलीट करायचा नाही. इथेही तसंच. कोल्ड एअर इन्टेक बसवताना आपण ही सगळी सोय काढून टाकतो, मग ती दुसऱ्या मार्गाने परत उभी करावी लागते.

किती पाणी पुरतं?

१२०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. एका सिलिंडरचे झाले ३०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो १० धरला, तर पिस्टन अगदी वर गेल्यावर उरलेली जागा भरते साधारण ३३ मिली. म्हणजे मोठे दोन चमचे, कटिंग चहाचा अर्धा ग्लासही नाही! हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तेवढ्या जागेपेक्षा जास्त पाणी आत आलं तर पिस्टन वर जाऊच शकत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. आणि गाडी नुसती उभी असताना, ८०० आरपीएमलासुद्धा, प्रत्येक सिलिंडर सेकंदाला सहा-सात वेळा श्वास घेतो. म्हणजे विचार करायला वेळच मिळत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता. पण खाली बसवलेल्या फिल्टरला एवढी आपत्ती लागत नाही. सबवेमध्ये फूटभर पाणी आणि शेजारून गेलेली एक बस, एवढं पुरे. बसची लाट बंपरवर आली की पाण्याची पातळी क्षणभर वर चढते.

मग करायचं काय?

पहिलं काम मोजायचं. सपाट जागी गाडी लावा आणि जमिनीपासून फिल्टरच्या खालच्या काठापर्यंत टेपने उंची घ्या. तुमच्या गाडीची खरी मर्यादा तीच. लाटेसाठी त्यातून निदान हातभर नाही, तरी वीतभर तरी वजा करा. उरलेला आकडा बघून बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो.

दुसरं, चाकामागचं प्लास्टिकचं लायनर आणि इंजिनखालचं कव्हर. इन्टेक बसवताना गॅरेजमध्ये हे कापतात किंवा दोन-चार क्लिपा लावायच्याच राहतात. मग चाक जे उडवेल ते सगळं थेट फिल्टरवर. क्लिपा स्वस्त असतात, सगळ्या लावून घ्या.

तिसरं, आडोसा. चाकाच्या बाजूला प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा लावा, पण फिल्टरभोवती दोन-तीन बोटं मोकळी जागा ठेवा, नाहीतर हवाच अडेल. तळाशी पाणी जायला वाट हवी. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून चाक कुठे घासत नाही ना, तेही बघा. बंपरच्या उघड्या भागात पाच-सहा मिमीची जाळी बसवली की खडी, पाला, प्लास्टिकच्या पिशव्या बाहेरच राहतात. यापेक्षा बारीक जाळी नको, चिखलाने एका फेरीत बुजते.

चौथं, फिल्टरवर चढवायचा पाणी झटकणारा कापडी मोजा. चांगली वस्तू आहे, शिंतोडे आणि चिखल अडवते. पण हा रेनकोट आहे, पाणबुडी नाही! फिल्टर बुडाला की इंजिन त्यातूनही पाणी ओढतं. काही जण पाइपमध्ये बायपास व्हॉल्व्ह टाकतात. फिल्टर बुडाला की तो वरून हवा घेऊ देतो. पण तो टर्बो नसलेल्या इंजिनांसाठी असतो, आणि तो स्वतः पाण्याच्या वर असला तरच उपयोग.

कचऱ्याचंही सांगतो. मुंबई-गोवा हायवेवर वर्षानुवर्षं चाललेल्या कामातून एकदा जाऊन या आणि फिल्टर काढून बघा. त्यावर चिखलाची रेघ कुठवर आली आहे, यावरून आडोसा काम करतोय की नाही ते कळतं. फिल्टरनंतरच्या पाइपचे क्लॅम्प घट्ट हवेत, कारण तिथून शिरलेली धूळ गाळलेली नसते आणि सिलिंडरला सँडपेपरसारखी घासते. सुती फिल्टर धुतल्यावर पूर्ण वाळू द्या आणि तेल बेतानेच लावा. जास्तीचं तेल पुढे जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं.

माझं मत विचाराल तर सगळ्यात चांगला उपाय फुकट आहे. जून ते सप्टेंबर कंपनीचा डबा परत बसवा. तासाभराचं काम. नाहीतरी पावसातल्या ट्रॅफिकमध्ये ते तीन टक्के कोणाला जाणवतात?

आणि एवढं करूनही गाडी पाण्यात बंद पडलीच, तर पुन्हा सेल्फ मारू नका. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, कारण गाडी तेव्हा तुमच्याच हातात असेल असं नाही. पाणी आत गेलेलं असलं तरी इंजिन कदाचित अजून शाबूत असतं, आणि घाबरून मारलेला सेल्फ ते मोडू शकतो. गाडी टो करून न्या. मेकॅनिक स्पार्क प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढेल. ऑइल दुधाळ दिसलं तर तेही बदलायचं.

विम्याचे कागदही आजच बघा. नेहमीच्या पॉलिसीत पाणी ओढून झालेलं इंजिनचं नुकसान सहसा धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं ॲड-ऑन लागतं. आणि इन्टेक बदलल्याचं कंपनीला कळवलेलं नसेल, तर क्लेम अडकू शकतो.

तर मंडळी, टेप घ्या, गाडीखाली वाका आणि तुमचा आकडा कमेंटमध्ये लिहा. सोबत गाडीचं मॉडेलही टाका, म्हणजे तीच गाडी असलेल्या दुसऱ्याला उपयोग होईल. भेटू पुढच्या भागात!